घरच्या बागेत कमी तिखट मिरची : आधी बी ओळखा, मग धंदा करा

मिरचीच्या बाजारात दोन गुण विकले जातात. एक तिखटपणा आणि दुसरा रंग. या दोहोंचे गणित ज्याला समजले नाही, त्याला मसाल्याच्या धंद्यात आज ना उद्या खोट बसते. जिला रंग भरपूर आणि तिखटपणा कमी, अशा मिरचीला बहुतेक वर्षी चांगला भाव मिळतो. कारण उघड आहे. बिर्याणी असो, तंदुरीचा मसाला असो की घरचा रस्सा, गिऱ्हाइकाला ताटात लाली हवी असते, जीभ भाजून घ्यायची नसते. घरात लहान मुले आणि वयस्कर माणसे असतात, त्यांचाही विचार करावा लागतो.

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपैकी अनेकांचा मिरचीशी रोजचा संबंध आहे. कोणी मसाल्याचे दुकान चालवितो, कोणाची कांडपाची गिरणी आहे, कोणी लग्नकार्यात स्वयंपाकाचे कंत्राट घेतो, कोणी हातगाडीवर भजी तळतो. अनेक घरांतील भगिनी मसाला कुटून विकतात. परंतु जी मिरची आपण पोत्याने विकत घेतो, ती झाडावर कशी दिसते, तिचे बी चांगले की वाईट हे कसे ओळखावे, याची माहिती असणारे फार थोडे आहेत.

म्हणून अंगणात, गच्चीवर किंवा खिडकीच्या कठड्यावर कमी तिखट मिरची बियाण्यापासून कशी वाढवावी, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत. एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. वीस कुंड्यांच्या पिकातून दुकान भरत नाही. या बागेचा फायदा निराळा आहे. त्याचा हिशेब शेवटी मांडू.

तिखटपणा कोठे असतो?

मिरची मूळची आपल्या देशाची नव्हे. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यावर आली आणि पाहता पाहता प्रत्येक चुलीपर्यंत पोहोचली. तिचा तिखटपणा ‘कॅप्सेसिन’ नावाच्या द्रव्यामुळे असतो. तिखटपणा मोजण्याची पद्धत विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधतज्ज्ञाने १९१२ साली काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पट पातळ केला म्हणजे जिभेला तिखट लागेनासा होतो, यावर तो आकडा ठरत असे. त्या मापात ढोबळी मिरचीचा आकडा शून्य येतो.

पुष्कळांची समजूत अशी की, तिखटपणा बियांत असतो. तसे नाही. मिरची उभी चिरली म्हणजे देठापासून खाली उतरणाऱ्या पांढुरक्या शिरा दिसतात. बिया त्यांनाच चिकटलेल्या असतात. तिखटपणा तयार होतो तो या शिरांत. बियांना तो केवळ लागतो. म्हणूनच मिरचीचे टोक कमी तिखट आणि देठाकडचा भाग जास्त तिखट लागतो. चव घेऊन मिरची पारखायची असेल तर टोकाचा तुकडा चाखून निर्णय देऊ नये. देठाकडचा बारीकसा काप जिभेवर ठेवावा.

कोणती जात लावावी?

घरच्या बागेसाठी कमी तिखट मिरचीचे तीन प्रकार सोयीचे आहेत.

पहिला प्रकार भावनगरी. जाड, लांब, पोपटी रंगाची ही मिरची भजीसाठी आणि भरून करण्यासाठी वापरतात. हिरवीच तोडायची असल्यामुळे तिचे पीक लवकर हाती येते. नवशिक्याने हिच्यापासून सुरुवात करावी.

दुसरा प्रकार ढोबळी. हिच्यात कॅलिफोर्निया वंडर ही जुनी सरळ जात आहे. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने अर्का मोहिनी आणि अर्का गौरव या जाती दिल्या आहेत. ढोबळीला हवा थंड लागते, म्हणून आपल्याकडे ती हिवाळ्यातच साधते.

तिसरा प्रकार ब्याडगी. कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी गावाच्या नावाने ओळखली जाणारी ही मिरची सुरकुतलेली, गडद लाल आणि तिखटाला बेताची असते. तिच्यात ‘डब्बी’ आणि ‘कड्डी’ असे दोन भेद आहेत. डब्बी आखूड व फुगीर, कड्डी लांब व बारीक. तिचा रंग काढून खाद्यपदार्थांत वापरतात, तसाच तो नखांच्या आणि ओठांच्या रंगांतही जातो. मसाल्याच्या व्यापाऱ्याने हीच मिरची लावून पाहावी असे आमचे सांगणे आहे. जो माल आपण विकतो तो आपल्या डोळ्यांदेखत पिकताना पाहिल्यासारखे दुसरे शिक्षण नाही.

बियाणे घेताना

पाकिटावरील मजकूर नीट वाचावा. ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ असे लिहिलेले असेल तर त्या बियाण्याचे झाड जोमदार येईल, परंतु त्या झाडाच्या फळातून काढलेले बी पुढच्या वर्षी तशीच मिरची देईल याची खात्री नसते. एक झाड लांब मिरचीचे, दुसरे आखूड, तिसरे तिखटजाळ, असा गोंधळ होतो. ज्याला दरवर्षी स्वतःचे बी धरायचे आहे त्याने सरळ वाणाचे, म्हणजे सुधारित किंवा देशी बियाणे घ्यावे.

दुकानातल्या वाळक्या मिरचीतून बी काढून पेरले तर चालेल काय, असे अनेकजण विचारतात. ते उगवते, परंतु त्याचा बाप कोण हे कोणालाच ठाऊक नसते. बाजारात ब्याडगीसारख्या दिसणाऱ्या संकरित मिरच्याही येतात. हौसेसाठी असे बी पेरावे, व्यवहारासाठी नव्हे.

बी किती उगवते याची परीक्षा घरीच घ्यावी. वीस बिया मोजून ओल्या सुती फडक्यात गुंडाळाव्यात आणि फडके एका डब्यात घालून उबदार जागी ठेवावे. फडके वाळू देऊ नये. दहा-बारा दिवसांत बारा बियांना मोड आले तर उगवण साठ टक्के झाली. मिरचीच्या प्रमाणित बियाण्याला किमान एवढी उगवण लागतेच. त्याहून कमी भरले तर दुकानदाराला पाकीट दाखवून बोलावे. पावती जपून ठेवलेली असली म्हणजे बोलणे सोपे जाते.

पेरणीची वेळ

कोकणात आणि मुंबईच्या बाजूला जोरदार पावसात कोवळी रोपे टिकत नाहीत. तेथे सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात बी टाकावे. ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या आरंभी रोपे कुंडीत जातात, डिसेंबरात फुले दिसू लागतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल मिरची तोडायला मिळते. पुढे एप्रिल-मे महिन्यांत घरोघरी वर्षाचा मसाला कुटतात. घरची मिरची तोपर्यंत वाळून तयार असते. देशावर जून-जुलैमध्ये पेरले तरी चालते. ढोबळी मात्र सर्वत्र थंडी धरूनच लावावी.

रोपे तयार करणे

रोपांसाठी माती हलकी हवी. एक हिस्सा चाळलेली माती, एक हिस्सा जुने कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक हिस्सा नारळाच्या काथ्याचा भुसा हे मिश्रण उत्तम. ताजे शेण कधीही घालू नये. प्लॅस्टिकचे खणांचे ट्रे मिळाले तर ते घ्यावेत. नाहीतर चहाचे कागदी पेले, फळांची खोकी, तेलाचे कापलेले डबे काहीही चालते. मात्र तळाला भोके हवीत.

बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकावे, वर मातीचा पातळ थर द्यावा आणि झारीने हलके पाणी शिंपडावे. उगवणीसाठी २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान चांगले. अशा उबेत आठ ते बारा दिवसांत कोंब वर येतात. कोंब दिसताच ट्रे उजेडात ठेवावा. सावलीत राहिलेली रोपे उंच व लुळी होतात.

या अवस्थेत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे रोपांची मर. काल ताठ उभे असलेले रोप आज जमिनीलगत कुजून आडवे पडलेले दिसते. हा बुरशीचा रोग आहे आणि बहुतेक वेळा जास्त पाण्यामुळे तो बळावतो. पेरणीपूर्वी बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी चोळावी. तिचे प्रमाण एक किलो बियाण्याला पाच ग्रॅम असते, म्हणजे घरच्या पाकिटाला चिमूटभर पुरते. पाणी सकाळीच द्यावे आणि मातीचा वरचा थर किंचित सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नये.

पाच ते सहा आठवड्यांत रोप वीतभर होते. लावणीपूर्वी आठवडाभर पाणी थोडे कमी करून त्याला हळूहळू उन्हाची सवय लावावी. सावलीतून एकदम कडक उन्हात गेलेले रोप पोळते.

कुंडीतील निगा

एका झाडाला बारा इंच रुंद व तेवढीच खोल कुंडी द्यावी. माती, शेणखत आणि वाळू किंवा काथ्याचा भुसा समप्रमाणात घेऊन त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. लावणी संध्याकाळी करावी. जमिनीत लावायचे असेल तर दोन झाडांत दीड ते दोन फुटांचे अंतर ठेवावे आणि पाणी साचू नये म्हणून उंच गादीवाफा करावा.

मिरचीला दिवसातून किमान सहा तास ऊन लागते. दर पंधरा-वीस दिवसांनी मूठभर गांडूळखत द्यावे. युरियाचा हात सैल सोडू नये. नत्र जास्त झाले म्हणजे झाड पानांनी डवरते आणि फळे मोजकीच धरते. पाण्याचा ताण पडला आणि ऊन तापले की मिरची अधिक तिखट होते असा अनुभव आहे. तेव्हा कमी तिखट मिरची हवी असेल तर पाणी नेमाने द्यावे. आज कोरडी, उद्या चिखल असे करू नये.

तंबाखू, वांगे, टोमॅटो, बटाटा आणि मिरची ही एकाच कुळातील पिके. एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. म्हणून ज्या मातीत गेल्या वर्षी वांगी किंवा टोमॅटो होते, ती मिरचीला वापरू नये. विडी किंवा तंबाखू हाताळणाऱ्यांनी साबणाने हात धुतल्याशिवाय झाडाला स्पर्श करू नये. तंबाखूचा विषाणूजन्य रोग हातावाटे मिरचीत शिरतो.

बोकड्या आणि त्याचे मूळ

मिरचीची पाने आकसून वेडीवाकडी झाली की लोक त्याला बोकड्या म्हणतात आणि दुकानातून मिळेल ते औषध आणून मारतात. आधी पान उलटून पाहावे. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखा आकार आला असेल तर बहुधा फुलकिड्यांचे काम असते. कडा खाली वळल्या असतील तर कोळी नावाच्या अतिसूक्ष्म किडीचा संशय घ्यावा. पाने लहान होऊन पिवळी पडली आणि झाड खुजे राहिले, तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असू शकतो. त्यावर इलाज नाही. असे झाड उपटून नष्ट करावे, म्हणजे बाकीची वाचतात.

फुलकिडे आणि पांढरी माशी यांच्यासाठी निंबोळी अर्क हा घरगुती उपाय चांगला. पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजत घालाव्यात, सकाळी फडक्यातून गाळून एकूण एक लिटर पाणी करावे, त्यात साबणाचे दोन-चार थेंब टाकावेत आणि संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारावे. आठवड्याने पुन्हा फवारावे. निळे चिकट कागद फुलकिड्यांना आणि पिवळे पांढऱ्या माशीला पकडतात.

या लहानशा किडीला कमी लेखू नये. इंडोनेशियाच्या बाजूने आलेल्या एका नव्या जातीच्या फुलकिड्याने २०२१ साली आंध्र प्रदेश आणि तेलंगणातील मिरचीची शेते उद्ध्वस्त केली. फुलात शिरून बसणारी ही कीड नेहमीच्या औषधांना दाद देईना. असा फटका शेतात बसला म्हणजे काही महिन्यांनी आपल्या दुकानातील भाव त्याची साक्ष देतो. झाडावरील कीड ओळखणारा व्यापारी ही चाहूल इतरांच्या आधी घेऊ शकतो.

तोडणी व वाळवण

भावनगरी मिरची पूर्ण वाढलेली, पण हिरवी असतानाच तोडावी. मसाल्याची मिरची मात्र झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावी. अर्धवट लाल मिरची तोडून वाळविली तर ती पांढरट डागाची होते आणि बाजारात मागे पडते.

वाळवण जमिनीवर कधीही घालू नये. स्वच्छ चादर, ताडपत्री किंवा उंच बाजेवर पातळ थर पसरावा, दिवसातून दोनदा हलवावा आणि संध्याकाळी दव पडण्यापूर्वी झाकावा. ओल राहिली म्हणजे बुरशी धरते. त्या बुरशीचे विष पूड केल्यावरही जात नाही आणि याच कारणाने परदेशी गेलेला माल नाकारला जातो. मिरची मुठीत दाबली असता खुळखुळली आणि देठ कटकन मोडला म्हणजे ती वाळली असे समजावे. साधारण चार किलो ओल्या लाल मिरचीपासून एक किलो वाळकी मिळते.

वाळलेली मिरची उजेडापासून दूर, हवाबंद डब्यात ठेवावी. तिचा लाल रंग प्रकाशाने उडतो. दुकानात काचेच्या बरणीत उन्हासमोर मांडलेली मिरची शोभा देते, परंतु दिवसागणिक फिकी पडते. मिरची हाताळल्यावर नुसत्या पाण्याने हात धुऊन उपयोग नाही. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. आधी हातांना तेल चोळावे, मग साबण लावावा.

पुढच्या वर्षाचे बी

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. कमी तिखट मिरचीच्या शेजारी लवंगी लावली तर याच वर्षीची मिरची तिखट होते, असा समज आहे. तो बरोबर नाही. फळ आईच्या झाडाचेच असते, त्याची चव परक्या परागाने बदलत नाही. बदलते ते आतले बी. मधमाश्या एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात, आणि ढोबळीसारख्या मुळीच तिखट नसलेल्या जातीवर तिखट मिरचीचा पराग पडला तर तिखटपणाचा गुण वरचढ ठरतो. नुकसान कळते ते पुढच्या वर्षी, रोपे विकून झाल्यावर आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन दाराशी आल्यावर.

बियाणे तयार करणाऱ्या संस्था दोन जातींमध्ये शेकडो मीटर अंतर राखतात. घरच्या बागेत तेवढी जागा कोठून आणणार? त्यावर सोपा उपाय आहे. शिंप्याच्या दुकानातील मलमलीच्या तुकड्यांच्या लहान पिशव्या शिवाव्यात. निरोगी झाड निवडून, कळ्या उमलण्यापूर्वीच एका फांदीवर पिशवी बांधावी. मिरचीचे फूल स्वतःच्याच परागाने फळू शकते. रोज सकाळी फांदी हलकेच हलवावी, म्हणजे पराग झडतो. फळ धरले की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधावा. दोऱ्याची मिरची खाण्यासाठी तोडू नये. ती झाडावर पूर्ण पिकू द्यावी.

प्रत्येक झाडाची एक मिरची चाखून पाहावी. जे झाड अपेक्षेपेक्षा तिखट निघेल त्याचे बी धरू नये, मग ते कितीही लगडलेले असो. काढलेले बी आठवडाभर सावलीत वाळवावे, कागदी पाकिटात घालून काचेच्या बंद बरणीत थंड जागी ठेवावे आणि पाकिटावर जात व वर्ष लिहावे. असे बी दोन-तीन वर्षे उगवते.

घरचे बी धरणे कायद्यालाही मान्य आहे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बी राखण्याचा, पेरण्याचा, इतरांना देण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. मात्र संरक्षित वाणाचे बी छापील नावाचे पाकीट करून विकता येत नाही. रोपांचा किंवा बियाण्यांचा नियमित धंदा करावयाचा असेल तर परवान्याची चौकशी तालुक्याच्या कृषी कार्यालयात आधीच करावी.

धंद्याचा हिशेब

आता कबूल केलेला हिशेब. वीस कुंड्यांतील प्रत्येक झाडाने हंगामात अर्धा ते पाऊण किलो लाल मिरची दिली असे धरू. एकूण दहा ते पंधरा किलो ओली मिरची झाली. वाळून ती अडीच ते पावणेचार किलो भरते. घरचा मसाला निघेल, दुकान चालणार नाही.

परंतु रोपांचा हिशेब पाहा. मिरचीच्या एका ग्रॅममध्ये सुमारे दीडशे बिया असतात. दहा ग्रॅमच्या पाकिटात पंधराशे झाल्या. साठ टक्के उगवण धरली तर नऊशे रोपे मिळतात. त्यातील शंभर मेली असे समजा, आठशे उरतात. अठ्ठ्याण्णव खणांचे आठ ट्रे एका चटईएवढ्या जागेत मावतात आणि सारे काम पाच-सहा आठवड्यांचे. गच्चीवर भाजी लावण्याची हौस शहरांत वाढली आहे आणि खात्रीचे रोप शोधणारे गिऱ्हाईक आपल्या मोहल्ल्यातही आहे. आपल्या गावी रोपाला काय दर मिळतो तो विचारून, ट्रे, खत आणि बियाणे यांचा खर्च वजा करून ज्याने त्याने आपला नफा काढावा. आम्ही येथे आकडा छापीत नाही, कारण प्रत्येक बाजाराचा दर वेगळा. पहिल्या वर्षी दोनच ट्रे करावेत. विकले गेले तर वाढवावेत.

दुसरा फायदा मालाची पारख. मसाला करणारे व्यापारी वर्षाची मिरची हंगामात भरून ठेवतात आणि त्यात बरेच भांडवल अडकते. मिरचीचा भाव किती वेगाने फिरतो हे ब्याडगीच्या बाजारानेच दाखविले. ११ मार्च २०२४ रोजी तेथे भाव एकाएकी पडल्यामुळे संतापलेल्या शेतकऱ्यांनी बाजार समितीच्या कार्यालयावर हल्ला केला आणि वाहने जाळली. अशा बाजारात दलालाच्या शब्दावर माल उचलणारा बुडतो. सुरकुती, देठ, बियांचे प्रमाण, आतल्या शिरांची चव, पुडीचा रंग हे सारे ज्याने स्वतःच्या कुंडीत पाहिले आहे तो पोत्यात हात घालताच चार गोष्टी ओळखतो.

नावाची आणि रंगाची सचोटी

दोन गोष्टींत सावध राहावे. ब्याडगी मिरचीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे नाव त्या मुलखात पिकलेल्या मालासाठी राखलेले आहे. आपल्या गच्चीवर पिकलेली मिरची, बी तिकडचे असले तरी, ‘ब्याडगी’ म्हणून विकू नये. ‘घरची कमी तिखट लाल मिरची’ असे लिहावे. खरे नाव लिहिल्याने गिऱ्हाईक कमी होत नाही. पूड किंवा मसाला विकायचा तर अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणीही करून घ्यावी.

दुसरी गोष्ट रंगाची. कमी तिखट मिरची महाग पडते म्हणून स्वस्त मिरचीच्या पुडीत रंग मिसळण्याचा मोह काहींना होतो. मसाल्याच्या पुडीत कृत्रिम रंगाला कायद्याने मनाई आहे. २००३ साली भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात फ्रान्समध्ये ‘सुदान-१’ हा रंग सापडला आणि युरोपीय संघाने मिरचीच्या आयातीवर तपासणीची सक्ती केली. २००५ साली ब्रिटनमध्ये याच रंगापायी शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले. हा रंग मेण, तेल आणि पॉलिश रंगविण्याचा. तो पोटात घालण्याचा नव्हे.

पुडीची चिमूट पाण्याच्या पेल्यावर टाकून रंगाच्या रेघा उतरतात का हे पाहण्याची रीत प्रसिद्ध आहे. पाण्यात विरघळणारा रंग त्याने पकडता येतो. परंतु सुदान तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणजे पाण्याच्या परीक्षेत पास झालेली पूडही खोटी असू शकते. प्रयोगशाळेखेरीज त्याचा छडा लागत नाही. लहान व्यापाऱ्यासाठी सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे अख्खी मिरची पारखून घेणे आणि आपल्या देखरेखीखाली कांडून घेणे.

मोठे कारखाने जाहिरातींवर लाखो रुपये खर्च करतात. आपल्याजवळ तेवढे भांडवल नाही. परंतु समोरच्या गिऱ्हाइकाला मिरची चिरून दाखविणे, तिचे बी कोठले, ती वाळविली कशी, हे छातीठोकपणे सांगणे आपल्याला जमण्यासारखे आहे. त्यासाठी एखाद्या बिघ्याची गरज नाही. या सप्टेंबरात दहा ग्रॅम बी आणि दोन ट्रे घ्यावेत, घरातील मुलांना पाणी घालण्याचे काम द्यावे आणि पहिल्या दिवसापासून वहीत तारखा लिहीत जावे. तीन हंगामांच्या नोंदी झाल्या म्हणजे ती वही मिरचीच्या सौद्यात दलालाच्या शब्दापेक्षा अधिक उपयोगी पडेल.